मेहुण्याचा दोर

पाण्याखाली माणूस असताना वर दोर धरून बसलेल्याने हसू नये, असा बळीरामच्या आईचा नियम होता. आई स्वतः कधी नावेवर चढली नाही, पण नियम सगळे तिचेच. बळीरामने हा नियम आठ वर्षं पाळला. त्यातली शेवटची दोन वर्षं पाळायला काही कष्टही पडले नाहीत, कारण बायको, शकु, गेल्यापासून त्याला हसूच येत नव्हतं. मग यंदाच्या चैत्रात पाणमांजर आलं.

धरणाचं पाणी तेव्हा उतरायला लागलं होतं. जबलपूरच्या वरच्या अंगाला नर्मदा अडवली, तेव्हा फुगवट्याखाली सागाची रानं उभीच्या उभी बुडाली. आतला साग अजून कुजलेला नाही. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की माणूस बुडी मारून पोचेल इतक्या अंतरावर ती खोडं येतात, आणि यंदा एका ठेकेदाराने ती काढायचं काम घेतलं होतं. नाव चारही बाजूंनी नांगर टाकून एका जागी उभी करायची, पाणबुड्याने खाली जाऊन चाचपडत खोडाला साखळी बांधायची, तो वर आला की नावेवरची लोखंडी चरखी फिरवून खोड उपटायचं. पाऊस लागून पाणी चढायच्या आत सगळं उरकायचं होतं.

पाणबुड्या म्हणजे पियूष, बळीरामच्या धाकट्या बहिणीचा, शर्मिलाचा नवरा. तिसरा माणूस अतुल. हा ठेकेदाराचा देखरेखीचा माणूस, शहरातल्या दीक्षितपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरातला, पंचविशीचा. रोज मोटरसायकलवर यायचा, कांचघरच्या भंगारवाल्याकडून आणलेला हवेचा पंप सांभाळायचा आणि उरलेला वेळ मोबाइल सांभाळायचा. पंपाची नळी पियूषच्या तोंडात, कमरेला शिशाचे ठोकळे आणि कमरेलाच बांधलेला दोर. दोराचं दुसरं टोक बळीरामच्या हातात.

ते टोक नावेला कधी बांधायचं नसतं. लाकडाला काही जाणवत नाही. ते उजव्या हाताच्या दोन बोटांवरून घ्यायचं आणि बसायचं. खालून एक झटका आला तर ठीक आहे, दोन आले तर ढील दे, तीन आले तर मला वर ओढ. प्रत्येक वेळी वरून एक झटका परत द्यायचा, म्हणजे खालच्याला कळतं की आपलं ऐकलं गेलं. तळाच्या गाळात हाताचा पंजा डोळ्यांपुढे धरला तरी दिसत नाही. तिथे माणसाला तेवढ्या एका झटक्याचा आधार असतो.

आणि दोर धरायचा तो बायकोच्या भावानेच. बळीरामचा बाप भंडाऱ्याकडून, वैनगंगेच्या काठावरून, धरण बांधायच्या कामावर आला आणि इथेच राहिला, तेव्हा भोयांची ही रीत सोबत घेऊन आला. लग्नात मांडवातच नवरा दोराचं टोक सुपारीबरोबर मेहुण्याच्या हातात ठेवतो आणि मेहुणा चारचौघांत म्हणतो, "धरला." मग ते टोक त्याचं. बळीराम स्वतः बुड्या मारायचा तेव्हा त्याचा दोर शकुच्या भावाने धरला होता. नऊ वर्षांपूर्वी खाली त्याचा डावा कान फुटला, शुद्ध गेली, दोराची हालचाल थांबली, तेवढ्यावरून त्या माणसाने ओळखलं आणि त्याला वर काढलं. कान गेला, जीव राहिला. पुढच्या वर्षी शर्मिलाच्या मांडवात बळीराम "धरला" म्हणाला, तेव्हा त्याला त्या शब्दाचं वजन ठाऊक होतं.

पाणमांजर पहिल्या दिवशी लांबूनच बघत होतं. पाण्याबाहेर नुसतं चपटं डोकं, मिशा आणि दोन काळे डोळे. दुसऱ्या दिवशी नावेभोवती फेऱ्या मारू लागलं. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी नावेच्या काठावर पुढचे पंजे ठेवून उभं राहिलं आणि शिट्टीसारखा आवाज काढला. पियूषने डब्यातला तळलेला मासा टाकला. पाणमांजराने तो हुंगला, बाजूला सारला, पाण्यात गेलं आणि स्वतःचा जिवंत मासा घेऊन परत आलं. डोक्याकडून कडाकड खाल्ला, मिशा पुसल्या आणि काठीवर वाळत टाकलेला पियूषचा सदरा खाली ओढून त्यावर लोळून अंग पुसून घेतलं.

"घ्या! याले आपल्या हातचं चालत नाई," पियूष म्हणाला. "पाव्हणा आहे बाप्पा मोठ्या घरचा."

तेव्हापासून त्याचं नाव पाव्हणा पडलं. पाव्हणा जेवायला यायचा, पियूषच्याच सदऱ्यावर अंग पुसायचा, अतुलची चप्पल पळवून पाण्यात सोडायचा आणि तो ओरडला की स्वतःच परत आणून द्यायचा. तळावरून गोटे आणायचा आणि उताणा पडून छातीवर खेळवायचा. एकदा त्याने बळीरामच्या डोक्यावरचा गमछा ओढून नेला, पाण्यात तो त्याच्याच तोंडावर गुंडाळला गेला, आणि आंधळ्यासारखा तो नावेला जाऊन आपटला. बळीरामच्या तोंडून आवाज फुटला. तो आपलाच आहे हे त्याला क्षणभर कळलं नाही. दोन वर्षांनी तो हसला होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला आणि मग शकुची आठवण येऊन गप्प बसला. पण छाती हलकी झाली होती, आणि त्याला ते बरं वाटलं, हे खरं.

दोराचा शोध पाव्हण्याला आठवड्याभरात लागला. पियूष खाली होता. दोर पाण्यात शिरतो तिथे पाव्हणा आला, पंजांनी त्याने दोर धरला, दातांत पकडला आणि झटका दिला. बळीरामच्या बोटांना तो लागला. त्याने खाली पाहिलं. पाव्हण्याने पुन्हा झटका दिला आणि मान तिरकी करून वर बघत राहिला.

पियूष वर आला तो चिडून. तोंडातली नळी काढत म्हणाला, "काहून ओढून राह्यले भाऊ? काय झालं?"

"म्या नाई ओढला. तो पाहा तुहा पाव्हणा."

पियूषने पाव्हण्याकडे पाहिलं आणि तोही हसला. "मले वाटलं वर आग लागली. खाली जीव घाबरते ना हो." मग म्हणाला, "मघा माह्या खांद्यावर येऊन बसला होता. अंधारात कोणतरी खांद्यावर हात ठेवला असं वाटलं. पह्यले भेव वाटलं. मंग म्हटलं, चलो, सोबत झाली."

त्यानंतर बळीरामला दोन तऱ्हेचे झटके ओळखायची सवय करावी लागली. पियूषचे झटके खांद्यातून यायचे, जड आणि सावकाश, मध्ये मोजून अंतर सोडलेले. पाव्हण्याचे हलके, घाईचे, कधी दोन, कधी पाच, मधूनच थरथर. चार-सहा दिवसांत त्याला पाण्याकडे न बघताही ओळखता येऊ लागलं. अतुलपुढे तो डोळे मिटून सांगायचा, "हा पाव्हणा. हा पाव्हणा. हा जवाई." एकदाही चुकला नाही. त्याला त्याचा अभिमान वाटायला लागला. आणि घात नेमका तिथेच होता, कारण कळत होतं म्हणून तो सावध राहायचा थांबला.

अतुलने व्हिडिओ काढायला सुरुवात केली होती. "काका, सुनो ना," तो म्हणायचा, "तो ओढतो न, तर तुम्हीपण ओढा. असं एकदम मजेनी. हां, आणि हसा थोडं." पहिल्यांदा बळीराम म्हणाला, "माणूस खाली आहे भैया." अतुल म्हणाला, "अरे, एक झटका काका! त्यानी काय होते?" बळीराम पन्नाशीला टेकलेला, अतुल पोराच्या वयाचा. पण हजेरी त्याच्या हातात होती. बळीरामने झटका दिला. पाव्हण्याने परत दिला. दोघांची ओढाओढ बघून अतुल हसून हसून लोळला. काठावर रविवारी शहरातून माणसं यायला लागली, अधारतालकडून एक अख्खी शाळा आली, आणि बळीराम दोन बोटांवर दोर घेऊन त्यांना खेळ दाखवू लागला. पाव्हण्याने ओढलं की तो ओढायचा. हळूहळू कोणी बघत नसलं तरीही ओढायचा. मग ती हाताची सवयच झाली.

वैशाखात पाणी आणखी खाली गेलं. बुडालेल्या झाडांचे शेंडे वर आले, काळे, शेवाळ वाळलेले. काठाचा गाळ उघडा पडून तडकला आणि त्यातल्या मेलेल्या शिंपल्यांचा वास घरापर्यंत यायला लागला. सोपी खोडं काढून झाली होती. आता उरली होती ती उतारावरची, एकमेकांच्या अंगावर रेललेली. एकाला साखळी लावली की शेजारचं हलायचं. पियूष जेवताना कमी बोलू लागला. वर आला की नावेत बराच वेळ नुसता पडून राहायचा, आणि पाव्हणा त्याच्या पोटावर चढून त्याच्या हनुवटीचं पाणी चाटायचा.

शर्मिलाने तो व्हिडिओ शेजारणीच्या मोबाइलवर पाहिला. दोघं संध्याकाळी घरी आले तेव्हा ती चुलीपुढे भाकरी थापत होती. दोघांची ताटं वाढली, पियूषच्या कानांत कोमट तेल घातलं, तो बाहेर बाजेवर जाऊन आडवा झाला, तेव्हा ती बळीरामच्या उजव्या बाजूला, ऐकू येणाऱ्या बाजूला, येऊन बसली.

"दादा, त्या व्हिडिओत तू हसून राह्यला होता."

"हाव. ते जनावर असं करते ना—"

"तवा हे कुठं होते?"

बळीरामने घास तसाच धरला.

"मी इचारून राह्यली. तू हसून राह्यला होता, दोर ओढून राह्यला होता, तवा हे कुठं होते?"

"खाली," बळीराम म्हणाला.

शर्मिलाने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "मी मांडवात तुह्या बाजूनंच उभी होती," ती म्हणाली. "माह्या नवऱ्याचा दोर तुह्या हातात आहे म्हणून मले दिवसभर भाकरी गोड लागते. तू समजून राह्यला ना? त्याले हाकल."

"मले समजते व, कोणचा झटका कोनाचा. एकदाई चुकलो नाई."

"हाकल त्याले."

"हाकलतो," बळीराम म्हणाला. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याने खरंच हाकललं. पाव्हणा जवळ आला तसा लांब बांबू पाण्यावर आपटला. पाव्हण्याने बुडी मारली, बांबूचं टोक पकडलं आणि ओढू लागला. पुन्हा आपटला, पुन्हा पकडलं. त्याला वाटलं नवा खेळ निघाला. अतुल ओरडला, "काका, काहून मारून राहिले त्याला? लोक त्याच्यासाठी येतात." पियूषही म्हणाला, "राहू द्या भाऊ. खाली तो असला की मले बरं वाटते." दोघांनी असं म्हटलं आणि बळीरामच्या मनात होतं तेच झालं. दगड मारला असता तर पाव्हणा गेला असता. दगड नावेत होते. त्याने बांबू खाली ठेवला. घरी शर्मिलाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "हाकलला." बांबू मारला होता, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

ज्येष्ठ लागला. ठेकेदाराचा निरोप आला की आठ दिवसांत काम गुंडाळा. वरच्या जंगलात पाऊस पडून गेला होता आणि पाण्याला मातकट रंग आला होता. त्या सकाळी वारा अजिबात नव्हता. नाव चारही नांगरांमध्ये जखडल्यासारखी उभी होती आणि पत्र्यावर पाय ठेववत नव्हता. उतारावरचा सगळ्यांत जाड साग काढायचा होता. खोली पस्तीस फूट. पियूषने सदरा काठीवर टाकला, "नर्मदे हर" म्हणून हात जोडले, नळी तोंडात घेतली आणि उतरला. चरखीवरून साखळी खडखडत त्याच्यामागे गेली.

पंपाची धडधड, हवेचे बुडबुडे, बोटांवरचा दोर. थोड्या वेळाने खालून एक झटका आला, खांद्यातून, जड. बळीरामने एक परत दिला. पियूष तळाला टेकला होता. पाव्हणा मघाशी नावेभोवती फिरत होता, आता दिसत नव्हता. खाली पियूषच्या सोबतीला गेला असेल. अतुल पंपाच्या सावलीत मोबाइल बघत होता. बुडबुडे एका जागी येत होते, म्हणजे साखळी बांधणं चाललं होतं.

मग झटके आले. हलके, घाईचे. तीन.

बळीरामच्या ओठांवर आपोआप हसू आलं. "आला वाटते," तो पुटपुटला आणि एक झटका परत दिला.

दोर शांत झाला. थोड्या वेळाने पुन्हा तसेच तीन, आणखी हलके, शेवटचा तर नुसती थरथर. ऊन वर आलं होतं, घाम डोळ्यांत उतरत होता. बळीरामने गमछ्याने तोंड पुसलं आणि दुसऱ्या हाताने पुन्हा एक झटका दिला. पाव्हणा ओढाओढीत पुढे आणखी जोर लावतो, तसा काही लागला नाही. दोर स्वस्थ राहिला. कंटाळला असेल, असं त्याला वाटलं.

किती वेळ गेला ते त्याला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही. अतुल त्याच्याकडे बघून हसत म्हणाला, "काका, तुमचा पाव्हणा तर पाहा. साहेबासारखा झोपून राहिला."

"कुठं?"

"तुमच्या मागंच."

बळीरामने मान वळवली. डाव्या बाजूला, जिकडचं त्याला ऐकू येत नव्हतं, नावेच्या मागच्या टोकाला पियूषच्या सदऱ्यावर पाव्हणा पसरला होता. पुढ्यात माशाचं शेपूट पडलेलं, त्यावर माश्या. अंगाखालचा सदरा कोरडा होता. त्याचे केस सुकून अंगावर उभे राहिले होते.

तो केव्हाच वर आला होता. झटके यायच्या आधीच.

बळीराम किंचाळला. दोन्ही हातांनी दोर ओढला. दोर दीड हात आला आणि अडला. फांदीला अडकला होता, म्हणूनच खालचं बळ वर येताना हलकं होऊन आलं होतं. त्याने पुन्हा ओढला, अतुलही धावला, दोर हलेना. बळीरामने दोर त्याच्या हातात कोंबला, साखळीला धरलं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात गेला.

नऊ वर्षांनी तो खाली जात होता. दहा हातांवर उजेड संपला. कानात खिळा ठोकावा तशी कळ गेली. साखळीवर हात सरकवत तो गेला, खोडाला डोकं आपटलं, चाचपडत त्याला पाय लागला, मग पोट, मग खांदा. सागाचं खोड गाळात कलंडून साखळी आवळली गेली होती आणि पियूषचा उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत साखळी आणि खोड यांच्या मध्ये होता. नळी खांद्याजवळ चेपली होती. डावा हात दोरावर होता. बळीरामचा स्पर्श होताच तो हात दोर सोडून त्याच्या दंडाला चिकटला, पण त्यात जोर नव्हता.

साखळी ढिली व्हायला हवी होती. बळीरामने सवयीने दोराला दोन झटके दिले, ढील दे म्हणून. वर अतुल होता. अतुलने दोन महिने त्या दोराचे व्हिडिओ काढले होते, पण त्याला झटक्यांचा अर्थ ठाऊक नव्हता. छाती फुटायला आली. दंडावरची बोटं एकेक करून सोडवून बळीरामला वर यावं लागलं. ती बोटं सोडवताना काय वाटलं ते त्याने पुढे कोणालाही सांगितलं नाही.

"चरखी सोड! साखळी सोड!" तो पाण्यातून ओरडला आणि पुन्हा बुडाला.

दुसऱ्या खेपेला साखळी सैल मिळाली. त्याने हात ओढून काढला, दोर फांदीवरून उचलला आणि पियूषला काखेत धरून वर आणलं. तोंडात नळी नव्हती. ओठ निळे पडले होते. नावेवर पालथा घालून पाठ दाबल्यावर पाणी आलं, मग मळकट फेस, आणि बऱ्याच वेळाने खोकला. पाव्हणा तोवर उठून जवळ आला होता. पियूषच्या तोंडाशी नाक नेऊन त्याने नेहमीसारखी शिट्टी वाजवली. बळीरामने त्याला लाथ मारून पाण्यात उडवलं. त्याच्या स्वतःच्या कानातून रक्त गळ्यापर्यंत आलं होतं.

मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात पियूष अकरा दिवस होता. उजव्या हाताची तीन बोटं कापावी लागली, राहिलेली दोन वळत नव्हती. छातीत गाळाचं पाणी गेलेलं. तो कुजबुजण्याइतकाच बोलू शकत होता. अतुल दवाखान्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "ऊदबिलाव की वजह से हुआ. वो रस्सी खींचता था, काका को समझ में नहीं आया." ठेकेदारालाही त्याने तेच सांगितलं. वस्तीतली माणसं बळीरामच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली की जनावराने घात केला, तुझा काय दोष. बळीराम म्हणायचा, "तो त नावेवर होता. त्याचे केस सुकले होते." ते कोणाला नीट कळायचं नाही, आणि दुसरा कान अधू झाल्यामुळे त्यांची उत्तरं त्यालाही नीट ऐकू यायची नाहीत.

सहाव्या दिवशी शर्मिला चहा आणायला खाली गेली तेव्हा पियूषने त्याला खुणेने जवळ बोलावलं. बळीरामने आपला उजवा कान त्याच्या तोंडाशी नेला.

"म्या ओढलं होतं, भाऊ," पियूष म्हणाला. "तीनदा. डाव्या हातानं."

"हाव," बळीराम म्हणाला.

"तुम्ही जवाब देल्ला." दम घ्यायला तो थांबला. "पुन्हा ओढलं. पुन्हा तुम्ही जवाब देल्ला. मंग म्या ओढनं बंद केलं. म्हटलं, भाऊले समजलं. आता येतेच."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बळीरामला बरं वाटलं असतं. तो पलंगाची दांडी धरून उभा राहिला, आणि शर्मिला चहा घेऊन आली तेव्हाही तसाच उभा होता.

दुसऱ्या दिवशी तो सामान आणायला एकटाच नावेवर गेला. काठावर वस्तीतली चौघं काठ्या आणि जाळं घेऊन बसली होती. जनावर बोलावलं की येतं, मग मारायला काय लागतं, असं त्यांचं चाललं होतं. बळीराम डोंग्यातून नावेवर पोचला, तसं ते चपटं डोकं पाण्यातून वर आलं. शिट्टी वाजली. बळीरामने नावेतला दगड उचलून फेकला. तो बाजूला पडला. पाव्हण्याने बुडी मारली, दगड घेऊन वर आला आणि उताणा होऊन छातीवर खेळवू लागला. बळीरामने दुसरा फेकला, तिसरा फेकला. चौथा नाकावर बसला. पाव्हणा पाण्यात वाकडा झाला, वर आला, नाकावर रक्त. त्याने बळीरामकडे पाहिलं. पाचवा दगड हातात घेऊन बळीराम उभा होता. मग ते डोकं पाण्याखाली गेलं, आणि खूप लांब, बुडालेल्या झाडांच्या पलीकडे, एकदाच वर आलेलं दिसलं. बहिणीने सांगितलेलं काम त्याने केलं. महिनाभर उशिरा केलं.

दोर घेऊन तो घरी आला. चार दिवसांनी पियूषला आणायचं होतं म्हणून शर्मिला अंगण सारवत होती. शेणाचे हात तसेच ठेवून ती उभी राहिली.

"लोक म्हणते जनावरानं दोर ओढला."

"नाई," बळीराम म्हणाला. "तो नावेवर झोपला होता. जवाईनं ओढला. म्या हसलो."

तिने हौदावर जाऊन हात कोपरापर्यंत धुतले, पदराला पुसले आणि पुढे केले. बळीरामने दोराची गुंडाळी तिच्या हातांत ठेवली. ती गाळाने जड झालेली होती, तिचे हात खाली गेले. मांडवात मेहुण्याने म्हणायचा शब्द ती हळूच म्हणाली, "धरला." त्याला तो ऐकू आला नाही. ओठांवरून कळला.

पियूष घरी आला तेव्हा पाऊस सुरू झाला होता. त्याची बाज पडवीत टाकली. त्याला मोठ्याने हाक मारता येत नव्हती, म्हणून शर्मिलाने दोराचं एक टोक बाजेच्या खुराला, त्याच्या डाव्या हाताशी, बांधलं आणि दोर भिंतीवरच्या खुंट्यांवरून आत चुलीपर्यंत नेला. आतलं टोक तिने कशालाच बांधलं नाही. भाकरी थापतानाही ते डाव्या मनगटावरून घेतलेलं असायचं.

त्या दोराच्या खाली, ओट्यावर, बळीरामची बसायची जागा होती. नाव काठावर ओढून ठेवलेली, अतुल परत आला नव्हता, काम संपलं होतं. तो पावसाकडे बघत बसायचा. पाऊस त्याला ऐकू येत नव्हता.

दुपारी डोक्यावरचा दोर ताणला गेला. एक, दोन, तीन. हलके, डाव्या हाताचे, मधूनच थरथरणारे. बळीराम उठून उभा राहिला. त्याचा हात वर गेला होता. आतून एक झटका परत गेला आणि त्याच्या पाठोपाठ शर्मिला पाण्याचा तांब्या घेऊन धावतच बाहेर आली.

"तू बस, दादा," जाता जाता त्याच्याकडे तोंड करून ती म्हणाली.

बळीराम खाली बसला.